१४. स्वतःच्या पायांवर

१४.१ प्रस्तावना

पहिला पगार हा घरातील एक मोठा प्रसंग असतो. पेढे वाटले जातात, देवापुढे दिवा लावला जातो, मुलाने किंवा मुलीने घराचे नाव काढले असे शेजारीपाजारी म्हणतात. आई-वडिलांना वाटते, आपली जबाबदारी संपली. परंतु पुष्कळ घरांत असा अनुभव येतो की पगार सुरू होऊनही महिनाअखेर मुलाचा घरी फोन येतोच आणि वडिलांना पुन्हा पैसे पाठवावे लागतात. असे का घडते? कमावू लागणे आणि आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

आपल्यापैकी काही जण पालक असतील. काही जण नुकतेच कमावते झाले असतील, तर काहींनी घरासाठी शाळा सोडून लहान वयातच कामाला सुरुवात केली असेल. हा पाठ या सर्वांसाठी आहे. तरुण मुला-मुलींना टप्प्याटप्प्याने आपल्या पायांवर कसे उभे करावे आणि त्या वाटचालीत पालकांनी कोठे हात द्यावा व कोठे तो सोडावा, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• कमाई आणि आर्थिक स्वावलंबन यांतील फरक सांगू शकाल;
• मासिक जमाखर्चाचा आराखडा तयार करू शकाल;
• मदत हळूहळू कमी करण्याची पद्धत स्पष्ट करू शकाल;
• बँक खाते, कर्ज व जामीन यांविषयी घ्यावयाची काळजी सांगू शकाल;
• ‘-इक’ प्रत्यय लागून झालेले शब्द ओळखू शकाल.

१४.३ मूळ पाठ

(अ) एका घराची गोष्ट

बडोद्यात राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडील एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. आई घरी शिवणकाम करते. थोरला मुलगा एकवीस वर्षांचा. पदविका पूर्ण करून तो नोकरीसाठी पुण्यास गेला. धाकटी मुलगी बारावीत शिकते.

मुलाच्या हाती दरमहा सोळा हजार रुपये येत. खोलीच्या अनामत रकमेचे बारा हजार रुपये वडिलांनीच भरले होते. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच मुलाचे पैसे संपले. वडिलांनी तीन हजार पाठवले. दुसऱ्या महिन्यातही तसेच झाले. तिसऱ्या महिन्यात मुलीच्या परीक्षेच्या शुल्कासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून पाठवावे लागले. त्या रात्री घरात प्रथमच या विषयावर वाद झाला. “मुलगा उधळ्या निघाला,” असे वडील म्हणाले. आई काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अहो, त्याला आपण पैसे दिले, पण हिशेब कधी दाखवला? घरात किती येते आणि किती जाते, हे तरी त्याला ठाऊक आहे का?”

आईचे म्हणणे खरे होते. मुलाने मागितले की वडील देत आले होते. आपली ओढाताण मुलांना कळू नये, असेच त्यांना वाटत असे. त्यामागे माया होती. परंतु त्या मायेमुळे मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत एकाही महिन्याचा खर्च स्वतः आखायला शिकला नव्हता.

पुढच्या सुट्टीत मुलगा घरी आला तेव्हा आईने आपली जमाखर्चाची वही त्याच्यापुढे ठेवली. किराणा, विजेचे देयक, आजीचे औषध, बहिणीचे शुल्क असे सारे तिच्या अक्षरात लिहिलेले होते. तीन महिन्यांपूर्वीच्या पानावर एका नोंदीपुढे ‘पुण्यास पाठवले’ असे होते आणि त्याच्याखाली ‘शिलाई यंत्राची दुरुस्ती – पुढील महिन्यात’ असे लिहिले होते. पुढच्या दोन पानांवरही तेच दोन उल्लेख होते. मुलाने तिन्ही पाने वाचली आणि वही मिटली. त्याला कोणी काही बोलले नाही. बोलण्याची गरजही उरली नव्हती.

(आ) सोळा हजारांचा आराखडा

त्या दिवशी तिघांनी मिळून एक आराखडा तयार केला. खोलीभाड्याचा वाटा साडेतीन हजार, खानावळ चार हजार, प्रवास बाराशे आणि मोबाइल तीनशे, असा नऊ हजारांचा खर्च अटळ होता. उरलेल्या सात हजारांची विभागणी अशी केली : दोन हजार घरी पाठवायचे, एक हजार आवर्ती ठेवीत घालायचे, दीड हजार अडीअडचणीसाठी वेगळे ठेवायचे आणि अडीच हजार कपडे, करमणूक, मित्रमंडळी यांवर खर्च करायचे. या अडीच हजारांचा हिशेब आई-वडिलांनी विचारायचा नाही, असेही ठरले. स्वतःच्या कमाईतील काही भाग मनाप्रमाणे खर्च करण्याची मोकळीक नसेल, तर कोणताही आराखडा फार काळ टिकत नाही.

घरी पाठवायच्या दोन हजारांचा अर्थही त्यांनी स्पष्ट केला. अनामत रकमेचे बारा हजार ही मुलाला दिलेली उसनी रक्कम मानायची. सहा महिन्यांत ती फिटेल. त्यानंतरचे दोन हजार हा घरखर्चातील त्याचा वाटा समजायचा. मदत, उसने आणि वाटा हे तीन शब्द वेगळे केल्यामुळे पुढे गैरसमज झाले नाहीत. पुष्कळ घरांत कलह होतो तो पैशांपेक्षा अशा न बोललेल्या गोष्टींमुळे.

आराखडा सुरू झाल्यानंतर तीन महिने सुरळीत गेले. चौथ्या महिन्यात मुलगा तापाने आजारी पडला. बिनपगारी रजा झाली आणि चार हजार रुपये कमी आले. आईने लगेच पैसे पाठवायचे म्हटले. वडिलांनी मुलाला फोन करून विचारले, “अडीअडचणीचे किती साठले आहेत?” तीन महिन्यांचे साडेचार हजार जमा होते. वडील म्हणाले, “मग ती अडचण हीच.” त्याच रात्रीच्या गाडीने आई पुण्यास गेली, दोन दिवस मुलाजवळ राहिली, त्याला पथ्याचे करून घातले आणि डॉक्टरांचे शुल्क व औषधाचे पैसे तिने स्वतः दिले. खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे मात्र मुलाने आपल्या साठवलेल्या रकमेतून भरले. महिन्याअखेर त्याच्याजवळ त्या रकमेतील पाचशे रुपये शिल्लक होते. पुढे तो म्हणत असे की, पहिल्या पगारापेक्षा त्या पाचशे रुपयांचा आनंद मोठा होता.

या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात येते. मुलाला स्वावलंबी करणे म्हणजे त्याला एकटे सोडणे नव्हे. आजारपणात आईने जाणे ही माया आहे. खर्चाची तोंडमिळवणी मुलाला स्वतः करू देणे ही शिकवण आहे. एकीसाठी दुसरी टाकण्याची गरज नसते.

पाठगत प्रश्न १४.१
१. घरातील वादाचे खरे कारण आईच्या मते कोणते होते?
२. अडीच हजारांचा हिशेब न विचारण्याचे का ठरले?
३. मदत, उसने आणि वाटा यांत फरक करण्याचा कोणता लाभ झाला?

(इ) श्रमातून शिक्षण : एक जुना धडा

तरुणांनी शिकता शिकता कमवावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये त्यांनी सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि शेतीपासून स्वयंपाकापर्यंतची कामे स्वतः करीत. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली.

या योजनेकडे केवळ गरिबांची सोय म्हणून पाहणे योग्य नाही. आपल्या घामाच्या पैशाने विकत घेतलेले पुस्तक विद्यार्थी वेगळ्या आदराने हाताळतो, हे त्यामागील सूत्र होते. आजही पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना कामाच्या तासांप्रमाणे मानधन देणाऱ्या अशा योजना आहेत. त्याचप्रमाणे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार कारखान्यांत प्रशिक्षण घेणाऱ्या उमेदवाराला विद्यावेतन मिळते. हे विद्यावेतन थोडे असले तरी जमाखर्च शिकण्यासाठी ती उत्तम संधी असते.

(ई) वयानुसार पायऱ्या

स्वावलंबन अठराव्या वाढदिवशी एकाएकी येत नाही. त्याच्या पायऱ्या लहानपणीच बांधाव्या लागतात.

पहिली पायरी ओळखीची. दहा-बारा वर्षांच्या मुलाला बाजारातून भाजी आणायला सांगावे आणि उरलेल्या पैशांचा हिशेब घ्यावा. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेली मुले बँकेने ठरवलेल्या मर्यादेत आपले बचत खाते स्वतः उघडू व चालवू शकतात. असे खाते म्हणजे व्यवहाराची पहिली शाळाच होय.

दुसरी पायरी आखणीची. पंधरा-सोळा वर्षांच्या मुला-मुलींना रोज थोडे पैसे देण्याऐवजी प्रवास, वह्या, मोबाइल यांसाठी महिन्याची रक्कम एकदम द्यावी. ती आधी संपली तर लगेच भर घालू नये. सोळाव्या वर्षी शंभर रुपयांची चूक केलेली बरी. पंचविसाव्या वर्षी तीच चूक लाखाची होते.

तिसरी पायरी अधिकाराची. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर व्यक्ती सज्ञान होते. तिला करार करता येतो, म्हणून कराराची जबाबदारीही तिच्यावर येते. या वेळी बँकेत जाऊन नवीन सहीचा नमुना द्यावा लागतो. सुकन्या समृद्धी योजनेतील खातेही अठराव्या वर्षानंतर मुलगी स्वतः चालवते. आई-वडिलांनी तिला बरोबर नेऊन कागदपत्रे समजावून द्यावीत, परंतु अर्ज तिलाच भरू द्यावा.

चौथी पायरी वाट्याची. नोकरी लागलेली मुले घरीच राहत असतील, तर त्यांनी घरखर्चात ठरावीक वाटा उचलावा. विजेचे देयक भरणे किंवा किराणा आणणे असे एखादे निश्चित काम त्यांच्याकडे सोपवावे. बाहेरगावी असतील तर पालकांची मदत ठरलेल्या मुदतीत उतरत्या क्रमाने कमी करावी. उदाहरणार्थ, पहिले दोन महिने तीन हजार, पुढील दोन महिने दोन हजार, त्यापुढील दोन महिने एक हजार आणि सातव्या महिन्यापासून मदत बंद. मदत एकाएकी तोडली तर मुले बाहेरून कर्ज काढतात. मुदत न घालता चालू ठेवली तर ती हक्काची वाटू लागते.

(उ) मुलीची कमाई

आपल्या समाजात एक विसंगती दिसते. मुलाने कमाई करावी असे आपण म्हणतो, परंतु मुलीची कमाई पुष्कळदा तिच्या हाती राहत नाही. लग्नापूर्वी ती वडिलांच्या आणि लग्नानंतर सासरच्या हाती जाते. घराला मदत करणे हे मुलीचेही कर्तव्य आहे, यात शंका नाही. मात्र खाते तिच्या नावावर असावे, कार्ड व सांकेतिक क्रमांक तिच्याचजवळ असावा आणि तिच्या कमाईतील ठरावीक भाग तिच्या नावे साठावा. संकटाच्या वेळी जवळ असलेली चार पैशांची स्वतंत्र शिल्लक स्त्रीला निर्णय घेण्याचे बळ देते. ज्या स्त्रीला आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे दुसऱ्याला विचारावे लागते, ती कमावती असली तरी स्वावलंबी नसते.

(ऊ) कर्ज, जामीन आणि सावधगिरी

तरुणांच्या हाती पगार येताच हप्त्यावर वस्तू घेण्याचे आमिष समोर येते. मोबाइल, दुचाकी, कपडे असे सारे ‘सुलभ हप्त्यांत’ मिळते. प्रत्येक हप्ता लहान दिसतो. सर्व हप्त्यांची बेरीज मात्र कोणी करीत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी एकूण किती रक्कम फेडावी लागेल, हे लिहून काढावे. हप्ता चुकला की त्याची नोंद पतमाहिती संस्थेकडे जाते आणि पुढे घरासाठी किंवा व्यवसायासाठी कर्ज मिळणे अवघड होते.

शैक्षणिक कर्ज घेताना सामान्यतः विद्यार्थ्याबरोबर पालकही सहकर्जदार असतात. शिक्षण संपल्यानंतर साधारण एक वर्षाने त्याचे हप्ते सुरू होतात. ते मुलाने किंवा मुलीने आपल्या पगारातून फेडावेत, हे शिक्षण सुरू होतानाच ठरवावे.

मुलाच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या पालकाने एक गोष्ट जाणून घ्यावी. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही नमूद नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते. ‘नुसती सही करायची आहे’ असे म्हणून जामीन राहू नये. त्याचप्रमाणे भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम मुलाच्या व्यवसायात घालणे किंवा राहते घर हयातीतच मुलांच्या नावे करून देणे, हे निर्णय भावनेच्या भरात घेऊ नयेत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाने मुलांवर पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे, हे खरे; परंतु न्यायाधिकरणाची पायरी चढण्यापेक्षा आपली पुंजी आपल्या हाती ठेवणे हे शहाणपणाचे आहे. पालक आर्थिकदृष्ट्या सुरक्षित असणे, हीदेखील मुलांना केलेली मोठी मदतच असते.

नव्याने नोकरीस लागलेल्यांनी आपले पगारपत्रक दरमहा वाचावे. भविष्यनिर्वाह निधीसाठी सामान्यतः मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बारा टक्के रक्कम कापली जाते आणि मालकही आपला वाटा भरतो. नोकरी बदलताना ही रक्कम काढून खर्च करू नये. ती नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करून घ्यावी. टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव दरमहा शंभर रुपयांपासून सुरू करता येते. दरमहा पाचशे रुपये भरले तर पाच वर्षांत तीस हजार रुपये मुद्दल साठते आणि त्यावर व्याज मिळते ते वेगळे. फोनवर कोणी सांकेतिक क्रमांक विचारला तर तो कधीही सांगू नये. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी.

(ए) समारोप

बडोद्यातील त्या घराकडे पुन्हा वळू. सहा महिने पूर्ण झाले, बारा हजार रुपये फिटले. सातव्या महिन्यातही दोन हजार आले, सोबत निरोप होता : “हे यंत्राच्या दुरुस्तीसाठी.” आईने ते पैसे वहीत जमेच्या बाजूला लिहिले आणि त्यापुढे प्रथमच ‘मुलाचा वाटा’ असे शब्द लिहिले. आई-वडिलांनी मुलाला पैसे देणे बंद केले म्हणून नाते तुटले नाही. आता तो मागण्यासाठी फोन करीत नव्हता. विचारपूस करण्यासाठी करीत होता.

पाठगत प्रश्न १४.२
योग्य पर्याय निवडा.
१. रयत शिक्षण संस्थेची स्थापना या वर्षी झाली : (अ) १८८७ (आ) १९१९ (इ) १९४७
२. पालकांची मदत कमी करावी : (अ) एकाएकी (आ) कधीही नाही (इ) ठरलेल्या मुदतीत उतरत्या क्रमाने
३. जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः असते : (अ) केवळ नावापुरती (आ) ऋणकोइतकी (इ) ऋणकोच्या निम्मी

१४.४ शब्दार्थ

अनामत – सुरक्षिततेसाठी आगाऊ ठेवलेली, परत मिळणारी रक्कम
आवर्ती ठेव – दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची बचत योजना
विद्यावेतन – शिकत असताना मिळणारे मानधन
ऋणको – कर्ज घेणारा
विसंगती – मेळ नसणे
तोंडमिळवणी करणे – जमा व खर्च यांचा मेळ घालणे

१४.५ भाषाभ्यास

‘अर्थ’ या शब्दाला ‘-इक’ प्रत्यय लागून ‘आर्थिक’ हा शब्द तयार होतो. प्रत्यय लागताना शब्दातील पहिल्या स्वराची वृद्धी होते : अ चा आ, इ चा ऐ, उ चा औ. जसे – समाज : सामाजिक, दिन : दैनिक, कुटुंब : कौटुंबिक. ‘मास’ या शब्दात पहिला स्वर मुळातच ‘आ’ असल्याने ‘मासिक’ असे रूप होते.

‘स्व + अवलंबन = स्वावलंबन’ हा स्वरसंधी आहे. येथे अ + अ = आ झाला आहे. ‘परावलंबन’ या शब्दाचा विग्रह तुम्ही करून पाहा.

१४.६ आपण काय शिकलो?

• कमाई हाती येणे ही सुरुवात आहे. आखणी, बचत आणि जबाबदारी यांतून स्वावलंबन येते.
• घरचा जमाखर्च मुलांपासून लपवू नये.
• मदत, उसने व वाटा यांत आरंभीच फरक करावा.
• मुलीच्या कमाईवर तिचा अधिकार असावा.
• मुलांना मदत करताना पालकांनी आपली पुंजी सांभाळावी.

१४.७ स्वाध्याय

१. ‘स्वावलंबी करणे म्हणजे एकटे सोडणे नव्हे’ हे विधान पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘कमवा आणि शिका’ योजनेमागील विचार तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरातील एका महिन्याच्या जमाखर्चाचा आराखडा घरातील सर्वांशी चर्चा करून तयार करा.
४. नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलीला किंवा मुलाला खर्चाच्या आखणीविषयी पत्र लिहा.
५. पुढील शब्दांना ‘-इक’ प्रत्यय लावा : वर्ष, शिक्षण, व्यवहार, उद्योग.

१४.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. मुलाला पैसे दिले, पण हिशेब कधी दाखवला नाही. २. काही भाग मनाप्रमाणे खर्च करण्याची मोकळीक नसेल तर आराखडा टिकत नाही, म्हणून. ३. पुढे गैरसमज झाले नाहीत.
१४.२ : १. (आ) २. (इ) ३. (आ)